दगडीच्या दुधातील जंतू, त्यांची पृष्ठप्रथिने आणि पाण्यापायी गेलेले तीन आठवडे : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आज नक्की झाला. गायींच्या कासदाहात, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातील गोठ्यांवर ज्याला सगळे ‘दगडी’ म्हणतात त्या आजारात, दुधातून स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जंतू वारंवार सापडतात. ते बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला जंतूंचा चिवट थर, बांधतात का, आणि बांधत असल्यास त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारा पदार्थ बहुशर्करा आहे की पेशीभित्तिकेवर रोवलेली प्रथिने, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. बहुशर्करा तयार करणारा जनुकसमूह ‘आयका’ या नावाने ओळखला जातो. प्रथिनांच्या बाजूला मात्र नावांची रांग आहे आणि त्यांतले ‘बॅप’ हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण २००१ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी ते कासदाह झालेल्या गायीच्याच जंतूत प्रथम दाखवले. हे २,२७६ अमिनो आम्लांचे अवाढव्य प्रथिन पेशीभित्तिकेला जोडण्याचे काम सॉर्टेज नावाचे विकर करते. मार्गदर्शक मॅडमनी सुरुवातीलाच बजावले की बॅप असलेले जंतू कासदाहातही मोजकेच मिळतात, तेव्हा ते सापडेलच अशा भरवशावर प्रकल्प उभा करू नये.

१५ जानेवारी

चार गावांतील १९ गायींचे ३१ नमुने घेतले. कॅलिफोर्निया मास्टायटिस चाचणीत ज्या सडाचे दूध घट्ट झाले, त्याच सडाचा नमुना घेतला. सडाचे टोक सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायचे, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या काढून टाकायच्या आणि मगच निर्जंतुक नळीत दूध घ्यायचे, हा क्रम मला ठाऊक होता. तरीही पहिल्या गोठ्यावर घाईत पहिलीच धार नळीत घेतली. त्या पाचही नमुन्यांत शेणातले आणि कातडीवरचे जंतू इतके उगवले की ते टाकून देऊन पुन्हा जावे लागले. एसटीचे भाडे १४० रुपये आणि एक पूर्ण दिवस गेला. मॅनिटॉल सॉल्ट अगारवरील पिवळ्या वसाहती, कॅटॅलेज आणि सशाच्या प्लाझ्मावरील नळीतील कोॲग्युलेज चाचणी एवढे पार करून १४ जंतू हाती राहिले. त्यांना स-१ ते स-१४ असे क्रमांक दिले आणि लगेच ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवले. या नोंदींतला हा एकच निर्णय असा आहे की ज्याचा मला पुढे एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

१७ जानेवारी

कॉंगो रेड अगार, म्हणजे बायोफिल्म बांधणाऱ्या जंतूंच्या वसाहती काळ्या दाखवणारे रंगीत माध्यम, फसले. रंग आणि माध्यम एकत्रच ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केले), त्यामुळे प्लेट तपकिरी झाली आणि चौदाही जंतू सारखेच लालसर-काळपट दिसले. रंगाचे दाट द्रावण वेगळे ऑटोक्लेव्ह करून, माध्यम साधारण ५५ अंशांवर आल्यावर त्यात मिसळायचे असते. दुसऱ्यांदा तसे केल्यावर दोन जंतूंच्या वसाहती स्पष्ट काळ्या आणि कोरड्या आल्या. मात्र या चाचणीचा कल बहुशर्करेकडे असतो. निव्वळ प्रथिनांवर बायोफिल्म बांधणारा जंतू येथे लाल दिसून नापास ठरू शकतो. ज्यांचा प्रश्न माझ्यासारखा आहे त्यांनी ही पायरी गाळली तरी चालेल.

१९ जानेवारी

९६ खळग्यांच्या प्लेटवरील पहिला प्रयोग पूर्ण वाया गेला. ट्रिप्टिक सोय ब्रॉथ या द्रव माध्यमात रात्रभर वाढवलेले जंतू शंभरपट पातळ करून प्रत्येक खळग्यात २०० मायक्रोलिटर घातले, ३७ अंशांवर २४ तास ठेवले, धुतले, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवले आणि चिकटलेला रंग ३३ टक्के ॲसेटिक आम्लात उतरवून ५९५ नॅनोमीटरवर ओडी (द्रव किती प्रकाश अडवतो तो आकडा; रंग जास्त म्हणजे बायोफिल्म जास्त) मोजली. एकाच जंतूच्या तीन खळग्यांत ०.२, १.४ आणि ०.६ असे आकडे आले. कारणे शोधता शोधता तीन सापडली. पिपेटचे टोक तळाला लावून मी खळग्यातील द्रव ओढत होते, तेव्हा बायोफिल्मच खरवडली जात होती. कडेच्या खळग्यांतील माध्यम २४ तासांत आटून कमी झाले होते. आणि रंग ग्रॅम-रंजनासाठी ठेवलेल्या बाटलीतला, न गाळलेला होता. त्यातील कण रिकाम्या खळग्यांच्या तळाशीही चिकटले होते.

२४ जानेवारी

सुधारणा केल्या. कडेच्या ३६ खळग्यांत आता फक्त निर्जंतुक पाणी असते. प्लेट एकदाच उलटी करून द्रव झटकायचा, सलाइन खळग्याच्या भिंतीवरून हलके सोडायचे आणि असे तीनदा धुवायचे. त्यानंतर प्लेट ६० अंशांवर तासभर सुकवायची. क्रिस्टल व्हायोलेट ०.१ टक्का, ताजे आणि गाळलेले. धुण्याचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने करावे, कारण सहकारी मैत्रिणीचा हात आणि माझा हात यांतला फरकच ओडीत ०.३ इतका दिसला.

ग्लुकोजबद्दलही एक घोळ येथे नोंदवते. ‘०.२५ टक्के ग्लुकोजयुक्त ब्रॉथ’ असे वाचून मला वाटले होते की साधा ब्रॉथ तसाच वापरावा, कारण त्यात लिटरला २.५ ग्रॅम ग्लुकोज मुळातच असते. बहुतेकांना अभिप्रेत असते ते त्यावर आणखी ०.२५ टक्के घालणे. जंतू ग्लुकोज आंबवतात, माध्यम आम्लीय होते आणि विशेषतः प्रथिनांवर उभ्या असलेल्या बायोफिल्मला हा आम्लपणा पोषक ठरतो. वाढीनंतर माध्यमाचा पीएच साध्या ब्रॉथमध्ये ५.९ आणि जादा ग्लुकोज घातल्यावर ४.८ भरला, आणि स-९ ची ओडी ०.७ वरून २.३ वर गेली. ग्लुकोज ब्रॉथसोबत ऑटोक्लेव्ह करू नये. ते तपकिरी पडते. गाळून, मागाहून घालावे.

रिकाम्या खळग्यांची सरासरी ०.०९ आणि प्रमाण विचलन ०.०१. सरासरीत तिप्पट विचलन मिळवून सीमा ०.१२ धरली. सीमेच्या चौपटीवर पाच जंतू (स-२, स-३, स-५, स-९, स-१२) गेले, चार मध्यम, तीन दुर्बल निघाले आणि दोघांनी काहीच बांधले नाही. प्रत्येक प्लेटवर दोन ओळखीचे जंतू ठेवले आहेत : बहुशर्करेची बायोफिल्म बांधणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस एटीसीसी ३५९८४ आणि न बांधणारा एटीसीसी १२२२८.

३० जानेवारी

आता मुख्य प्रश्न. तयार बायोफिल्मवर एका ओळीत प्रोटीनेज-के आणि दुसऱ्या ओळीत सोडियम मेटापेरिआयोडेट घातले. पहिले प्रथिने तोडते, तर दुसरे बहुशर्करेच्या साखळ्यांचे ऑक्सिडीकरण करते. प्रोटीनेज-के मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, ट्रिस बफरमध्ये, पीएच ७.५, मेटापेरिआयोडेट १० मिलिमोलर, ॲसिटेट बफरमध्ये, पीएच ४.५. दोन्ही ३७ अंशांवर दोन तास. प्रोटीनेज-केची कुपी ६,८०० रुपयांना पडली आणि ती विभागाच्या नव्हे, माझ्या खर्चात आहे, म्हणून छोटे भाग करून गोठवली. मेटापेरिआयोडेट उजेडात टिकत नाही. बाटलीला चांदीचा कागद गुंडाळावा.

पहिल्या वेळी तुलनेसाठी ‘काहीच न घातलेले’ खळगे घेतले, ही चूक झाली. निव्वळ बफर घालून तो काढून टाकतानाही बायोफिल्मचा सहावा हिस्सा निघून जातो, म्हणून तुलना बफरच्या खळग्याशीच व्हायला हवी. दुसऱ्या वेळी नीट केले. स-२ आणि स-५ मेटापेरिआयोडेटने विरघळले, प्रोटीनेज-केने त्यांना विशेष काही झाले नाही. कॉंगो रेडवर काळे आलेले दोन जंतू हेच. स-९ आणि स-१२ नेमके उलट वागले : स-९ प्रोटीनेज-केने २.२ वरून ०.२ वर आला. स-३ दोन्हींनी अर्धाअर्धा घटला, त्याला तूर्त संमिश्र म्हणून बाजूला ठेवले आहे. कॉंगो रेडने स-९ आणि स-१२ या दोघांनाही नापास केले होते, हे येथे आठवले.

९ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा तोच प्रयोग केला आणि स-९ ने बायोफिल्म बांधलीच नाही. ओडी ०.३. स-५ मात्र पूर्वीसारखा. हात चुकला असेल असे समजून पुन्हा लावायचे ठरवले.

१३ फेब्रुवारी

पुन्हा ०.३. नवा ब्रॉथ केला, तोही तसाच. ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर ब्रॉथ किंचित गढूळ दिसला आणि बाटलीच्या तळाशी पांढरी साय बसली, असे वहीत मी लिहिले आहे आणि पुढे ‘पावडर जुनी झाली असावी’ असे स्वतःच उत्तर देऊन टाकले आहे.

१४ ते २६ फेब्रुवारी

या दोन आठवड्यांत जे जे तपासले ते क्रमाने लिहिते, कारण हे पाहून दुसऱ्या कोणाचे तरी दिवस वाचावेत. पहिला संशय जंतूवर गेला. स्टॅफिलोकोकस नव्या माध्यमात पुन्हापुन्हा वाढवले की बायोफिल्मची क्षमता गमावू शकतात, म्हणून गोठवलेल्या मूळ साठ्यातून स-९ पुन्हा काढला, फरक नाही. मग प्लेटचा नवा गठ्ठा आला होता म्हणून जुन्या गठ्ठ्यातील उरलेली प्लेट शोधून वापरली, फरक नाही. ग्लुकोज नवे गाळले, वाढीनंतरचा पीएच मोजला, तो ४.८ म्हणजे ठीक. इन्क्युबेटरमध्ये दुसरा तापमापक ठेवला, तोही ३७ दाखवत होता. मधे एका रात्री तीन तास वीज गेली तेवढी प्लेट सोडून दिली. नऊ प्लेट्स, प्रत्येकी ११० रुपये. मॅडमनी वही चाळून एकच प्रश्न विचारला : फक्त स-९ च का बिघडला, स-१२ का नाही? स-१२ ही प्रथिनांचाच होता आणि त्याची ओडी एकदाही ढळली नव्हती. माझ्याकडे उत्तर नव्हते, पण हात, प्लेट किंवा तापमान चुकले असते तर पाचही जंतू बिघडले असते, हे त्या प्रश्नाने लख्ख झाले. स-९ लाच चालत नाही अशी एखादी गोष्ट माध्यमात शिरली असली पाहिजे.

२७ फेब्रुवारी

उत्तर प्रयोगशाळेतील मामांकडे होते. ऊर्ध्वपातन यंत्राची कॉइल ६ फेब्रुवारीलाच जळाली होती. बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यावर बोटभर साचला होता. मामांनी त्या खोलीच्या दारावर ‘यंत्र बंद आहे’ अशी चिठ्ठीही लावली होती. मी त्या खोलीत कधी जात नाही. बाहेरच्या पिंपातून पाणी घेते. त्या पिंपात काचसामान विसळण्यासाठी म्हणून साध्या गाळणीतून आलेले बोअरचे पाणी भरले जात होते, आणि पिंपावरचे ‘डिस्टिल्ड’ हे जुने लेबल तसेच होते. मी कोणाला विचारले नाही, चाखूनही पाहिले नाही. आमच्याकडचे बोअरचे पाणी जिभेला लगेच कळते.

धातूंचे आयन पकडणाऱ्या ईडीटीएने अनुमापन केले : एकूण काठिण्य लिटरला ४८० मिलिग्रॅम, त्यात कॅल्शियमचा वाटा ३१० मिलिग्रॅम, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणजे सुमारे ३.१ मिलिमोलर कॅल्शियम. बाटलीच्या तळाची पांढरी साय म्हणजे ब्रॉथमधील फॉस्फेटशी जुळून खाली बसलेले कॅल्शियम फॉस्फेट होते.

बॅपची माहिती वाचताना हा मुद्दा माझ्या डोळ्यांखालून गेलेला होता. या प्रथिनात कॅल्शियम धरणाऱ्या जागा आहेत. मिलिमोलर प्रमाणात कॅल्शियम मिळाले की ते तिथे बसते आणि पेशी एकमेकींना चिकटेनाशा होतात. कॅल्शियम कमी आणि माध्यम आम्लीय असेल तर बॅपचे तुकडे एकमेकांना जुळून अमायलॉइड तंतू (प्रथिनांचे चिवट धागे) तयार होतात आणि तेच बायोफिल्मचा सांगाडा बनतात, असे २०१६ मध्ये दाखवले गेले आहे. वाचले होते, पण ते उत्तर माझ्या पिंपातच आहे हे सुचले नाही.

१ मार्च

शेजारच्या रसायनशास्त्र विभागातून पाच लिटर ऊर्ध्वपातित पाणी मागून आणले. संशय खरा की योगायोग, हे ठरवण्यासाठी दोन बाजूंनी प्रयोग लावला : बोअरच्या ब्रॉथमधून कॅल्शियम काढून घ्यायचे आणि शुद्ध ब्रॉथमध्ये ते मुद्दाम घालायचे.

काढण्यासाठी ईजीटीए घेतले, कारण ईडीटीए मॅग्नेशियमलाही धरते, तर ईजीटीएचा ओढा कॅल्शियमकडे फार अधिक आहे. ते पाण्यात विरघळेना म्हणून तासभर ढवळत बसले. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ च्या आसपास नेल्यावर ते क्षणात विरघळले. कॅल्शियम धरताना ईजीटीए आम्ल सोडते, तेव्हा ब्रॉथचा पीएच पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर परिणाम कॅल्शियमचा की पीएचचा हे सांगता येत नाही.

घालण्याच्या बाजूला पहिली प्लेट पुन्हा फसली. कॅल्शियम क्लोराइड ब्रॉथमध्येच घालून ऑटोक्लेव्ह केले आणि १० मिलिमोलरचे खळगे जंतूंशिवायच दुधाळ झाले. दुसऱ्या वेळी कॅल्शियम क्लोराइड वेगळे गाळून, थंड ब्रॉथमध्ये थेंबाथेंबाने, सतत ढवळत घातले आणि प्रत्येक प्रमाणासाठी जंतूविरहित खळगे ठेवून त्यांचा आकडा वजा केला. धुण्यासाठीही फॉस्फेट बफर टाळून साधे सलाइनच ठेवले.

स-९ चे आकडे असे आले. शुद्ध पाण्याच्या ब्रॉथमध्ये २.२, त्यात कॅल्शियम १ मिलिमोलर असता १.६, ३ असता ०.५, ५ असता ०.३ आणि १० असता ०.२. त्याऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर घातले तर २.१, म्हणजे काहीच फरक नाही. बोअरच्या ब्रॉथमध्ये ०.३, आणि त्यातच ४ मिलिमोलर ईजीटीए घातल्यावर १.९. स-२, स-५ आणि स-१२ या तिघांनाही कॅल्शियमने काही झाले नाही. वाढीची ओडीही स्वतंत्र मोजली. कॅल्शियममध्ये स-९ तितकाच वाढतो, फक्त तळाला धरून राहत नाही.

बोअरच्या पाण्याचा हा अपघात झाला नसता, तर स-९ आणि स-१२ हे दोघे ‘प्रथिनवाले’ म्हणून माझ्या प्रबंधात एकाच रकान्यात गेले असते, हे मान्य करावे लागते.

५ मार्च

या निकालाने जानेवारीतील प्रयोगावरही शंका आली, कारण प्रोटीनेज-केच्या नेहमीच्या बफरमध्ये विकर टिकावे म्हणून १ मिलिमोलर कॅल्शियम असतेच आणि मीही ते घातले होते. स-९ प्रोटीनेजने सुटला की बफरमधील कॅल्शियमने? कॅल्शियमयुक्त बफर, कॅल्शियमविरहित बफर आणि या दोन्हींत प्रोटीनेज-के, असे चार गट लावले. नुसत्या बफरमध्ये, कॅल्शियम असो वा नसो, तयार बायोफिल्म बऱ्यापैकी टिकली (१.८ आणि १.९), प्रोटीनेजसह दोन्हीकडे ०.२ च्या आसपास आली. जुना निष्कर्ष टिकला. तरीही पुढे कॅल्शियमविरहित बफरच वापरला. त्यात विकर लवकर मंदावते, पण दोन तासांसाठी पुरते.

११ मार्च

पीसीआर, म्हणजे ठराविक जनुकाच्या प्रती वाढवून ते आहे का हे पाहणारी चाचणी. नुसते उकळून डीएनए काढण्याचा प्रयत्न दोनदा निष्फळ ठरला, कारण स्टॅफिलोकोकसची भित्तिका त्याला दाद देत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेतून थोडे लायसोस्टॅफिन, म्हणजे ही भित्तिका तोडणारे विकर, मिळाले, अर्धा तास ३७ अंशांवर ठेवले आणि मग डीएनए स्वच्छ मिळाला. बॅपसाठीच्या प्रायमरनी (त्या जनुकालाच जुळणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) स-९ मध्ये अपेक्षित ९७१ बेस जोड्यांचा पट्टा आला. उरलेल्या तेरांत नाही. चौदांपैकी एक. जेलचा फोटो काढताना हात थरथरत होता, म्हणून तो दोनदा काढला.

आयका मात्र स-९ सह बहुतेकांत सापडला, आणि येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जनुक असणे म्हणजे बहुशर्करा तयार होणे नव्हे. स-९ ला मेटापेरिआयोडेटने काही झाले नव्हते, हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो.

१८ मार्च

राहिला स-१२ : प्रथिनांवर उभा, बॅप नाही, कॅल्शियमची पर्वा नाही. फायब्रोनेक्टिनला (प्राण्यांच्या ऊतींतील एका प्रथिनाला) चिकटणारी प्रथिने किंवा सॅस-जी हे दुसरे पृष्ठप्रथिन, यांपैकी कोणी असू शकते. सॅस-जीचे रेणू शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूंना जस्ताच्या आयनांच्या आधारे जुळतात, म्हणून जस्त हिरावून घेणारे डीटीपीए ३० मायक्रोमोलर घातले. स-१२ ची ओडी १.५ वरून ०.४ वर आली आणि झिंक क्लोराइड परत घातल्यावर १.३ झाली. स-९ वर या प्रमाणात परिणाम नाही. पहिल्या वेळी मात्र झिंक जास्त पडले आणि जंतूच वाढले नाहीत. वाढीची ओडी सोबत मोजली नसती तर तो निकाल मी उलटा वाचला असता.

प्रबंधात ‘सॅस-जी असावे’ एवढेच लिहिणार आहे. ते जनुक काढून टाकलेला जंतू बनवून पाहिल्याशिवाय याहून पुढे जाता येत नाही आणि ते काम या सत्रात बसणारे नाही.

२६ मार्च

मॅडमनी विचारले की दुधात तर कॅल्शियम भरपूर, मग स-९ कासेत करतो काय. प्रश्न रास्त आहे. दुधातील बहुतांश कॅल्शियम केसीन या दूधप्रथिनाच्या कणांत अडकलेले असते, पण मोकळे आयनही मिलिमोलरच्या घरात असतात. म्हणून ब्रॉथऐवजी दुधाच्या निवळीत प्रयोग लावायचे ठरवले. पहिला प्रयत्न वाया गेला. दूध ॲसेटिक आम्लाने फोडले आणि निवळी गाळून वापरली, पण आम्लाने केसीनमधले कॅल्शियम फॉस्फेटही निवळीत उतरते, तेव्हा जे माध्यम मिळाले ते कासेतल्या दुधासारखे मुळीच नव्हते. शिवाय उरलेले केसीन खळग्यांच्या तळाला बसून स्वतःच जांभळे झाले.

२ एप्रिल

रेनेट, म्हणजे चीज करताना दूध फोडणारे विकर, मागवले आहे, ४२० रुपये. त्याने दूध फोडले तर कॅल्शियमचा समतोल इतका बिघडत नाही. नवी कॉइल बसली. पिंपावरचे जुने लेबल खरवडून काढले, मामांनी एक वही दोऱ्याने पिंपाला बांधली आणि त्यात पाणी भरल्याची तारीख व विद्युतवाहकता लिहायची असे ठरले. आजची पहिली नोंद माझ्या हातची आहे : ३ मायक्रोसिमेन्स. त्या पाण्याच्या ब्रॉथमध्ये स-९ काल रात्री लावला होता, सकाळी २.२.